रुक्मिणीअक्कांची कोठी

रुक्मिणीअक्कांनी कोठीची किल्ली आपण होऊन माझ्या हातावर ठेवली, त्या दिवशी आनंदानं मला जेवण गेलं नाही. आता सांगताना लाज वाटते, पण खरं ते सांगायलाच बसले आहे. ती किल्ली त्यांनी मला का दिली हे कळायला मला बारा दिवस लागले, आणि त्यांच्या तोंडून ऐकायला सोळा वर्षं.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर दुधनीचं, तिकडच्या कानडी वळणानं घरात सगळेच त्यांना अक्का म्हणायचे. माझे भावोजी वेणीमाधवराव सोलापुरात शाळामास्तर होते. अठरा सालच्या तापाच्या साथीत माझे यजमान गेले आणि बाविसाव्या वर्षी लाल आलवण नेसून मी थोरल्या दिरांच्या दारी आले. भावोजी देवमाणूस. अक्कांनीही मला कधी टाकून बोललं नाही, पण जवळही केलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आई म्हणायची. अक्कांच्या जिभेला मात्र कुलूप होतं.

मी आले तेव्हा शुक्रवार पेठेतल्या एका बोळात भावोजींनी घर बांधायला काढलं होतं. घर केवढंसं! ओसरी, माजघर, स्वैपाकघर आणि कोठी. शिवप्पा गवंडी पाया आखायला आला, तर अक्का कोळसा घेऊन बसल्या आणि त्यांनी एका फळीवर आपला नकाशा काढला. स्वैपाकघर आठ हात, कोठी बारा हात. शिवप्पानं डोक्यावरचं मुंडासं मागं सारलं.

"असं कुटं असतंय व्हय, बाई? चुलीपरीस कोठी मोठी? लोकं हसत्याल की मला."

"हसू देत," अक्का म्हणाल्या. "चुलीपुढं एक बाई बसते. कोठीत अख्खं वर्ष बसवायचं असतं."

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी त्या महिन्यात पहिल्यांदा ऐकलं.

कोठी त्यांनी उत्तरेच्या अंगाला घेतली, म्हणजे उन्हाळ्यात भिंत तापायला नको. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. छपराखाली वारा खेळायला जाळीच्या विटा. भिंतीतच दोन बळदं, म्हणजे माणूस उभा राहील एवढ्या पोकळ्या. वरनं शाळू ओतायचा, खालच्या भोकाचा बोळा काढला की हवा तेवढा ओंजळीत येतो. शिवप्पा म्हणाला, "तळाला घडीव दगुड घालू या. मातीत उंदरं लई पोखरत्यात." पण दगड येईना, आणि वास्तुशांतीचा मुहूर्त आला. मग पांढरी माती चोपूनच भागवलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी करून घेतली होती, तिचा मला फार राग यायचा. कोठी आणि स्वैपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक कोनाडा आरपार काढला होता. सकाळी अक्का कुलूप काढून आत जात, दिवसाचं धान्य, डाळ, मीठ मापून त्या कोनाड्यात ठेवत आणि मी बाहेरून उचलून घ्यायची. दोन वर्षं मी अक्कांचे फक्त हात पाहिले म्हणा ना! कोठीत मला कधीच जायला मिळालं नाही. विधवेचा हात साठवणीच्या धान्याला लागू नये, असं कुणी तोंडानं बोललं नाही. कोनाडाच ते बोलत होता.

अक्का कंजूष नव्हत्या. घरात कुणी उपाशी राहिलं नाही, दारी आलेला माधुकरी रिकामा गेला नाही. पण साठवणीचं त्यांना वेडच होतं. डाळीला एरंडेल चोळून ठेवायच्या, गव्हात कडुलिंबाचा पाला, हिंगाची डबी तीन फडक्यांत. दुपारी घर निजलं की आत बसून उतरंडीवरची मडकी एकेक उतरवून पाहायच्या. एकदाच त्यांनी मला कारण सांगितलं, तेही चिंच फोडता फोडता. दुधनीला मोठ्या दुष्काळात त्यांचा धाकटा भाऊ यज्ञेश्वर गेला. चार वर्षांचा. रिकाम्या कणगीत उतरून कोपऱ्यातले दाणे वेचत बसायचा, आणि एक दिवस कणगीतच निजला तो उठला नाही. "त्याला बाहेर मी काढला," म्हणाल्या आणि चिंचोके गोळा करून उठून गेल्या. त्यानंतर त्या कोनाड्याचा राग मला थोडा कमी यायला लागला.

आणि होती प्रभा. अक्कांची एकुलती एक. तेरा वर्षांची, काटकुळी, हसायला लागली की भिंतीला टेकायची. आईच्या अबोल्यावर तिनं मला शोधून काढलं. माझ्याच अंथरुणाशेजारी निजायची, भावोजींच्या शाळेतली पुस्तकं मला मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि 'काकू' हा शब्द दिवसातून शंभरदा. मला मूल नाही. तिच्यावर माझा किती जीव होता हे मी लिहू शकत नाही, लिहायला गेले तर पुढचं राहून जाईल.

तिच्या पत्रिकेत मंगळ होता. दोन स्थळं त्यावरून परत गेली. तिसरं नातेपुत्याचं, त्या मुलालाही मंगळ, म्हणून जमलं. वैशाखातला मुहूर्त धरला. त्या साली भाद्रपदात सिंहस्थ लागायचा होता, म्हणजे पुढं तेरा महिने लग्न नाही. वैशाख चुकला तर नातेपुत्याचे लोक थांबणार नव्हते आणि मंगळाचा दुसरा मुलगा काही झाडाला लागलेला नव्हता. पोरगी पंधरा वर्षांची बिनलग्नाची राहिली असती. आज माझ्या शाळेत पंधरा वर्षांच्या मुली दोरीवरच्या उड्या मारतात. पण तेव्हा अक्कांना तो विचारही सोसत नव्हता.

माघापासून कोठीत लग्न भरायला लागलं. पापड, कुरडया, सांडगे, हातशेवया, मेतकूट, शेंगाची चटणी, डबेच्या डबे. रुखवताच्या करंज्या-लाडवांसाठी रवा चाळून वेगळा. हे सगळं करायला बोळातल्या सवाष्णी आल्या. मी लांब बसून पाटा-वरवंटा चालवायची.

होळी होऊन गेल्यावरची एक सकाळ. अक्का नेहमीप्रमाणे आत गेल्या, पण कोनाड्यात काही आलं नाही. बऱ्याच वेळानं मागच्या दारानं त्या परसातून आल्या. हातात रिकामं सूप. राखेनं हात घासत मोरीवर बसल्या त्या बसल्याच. मग पुन्हा अंघोळ केली. मी म्हटलं, "अक्का, काय झालं? काही शिवलं का?" तर ओलेत्यानंच माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि कमरेची किल्ली सोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"आजपासून कोठी तू बघ, मालती. मला वाकवत नाही."

लग्नाची कोठी, आणि माझ्या हातात!

"आणि प्रभेला आत घेऊ नकोस. मुलीनं आपल्या लग्नाचं सामान आधी बघू नये."

अशी रीत मी कुठं ऐकली नव्हती. पण किल्ली हातात आल्यावर रीतीची चौकशी कोण करतो? मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागं घेतले.

अक्कांनी दोन वर्षांत मला पारखलं, माझा हात अशुभ नाही असं त्यांना वाटलं, असंच मी समजले. मूर्खासारखी समजले. आत गेले तर काय थंडावा! जाळीच्या विटांतून उन्हाचे कवडसे, तिखटाचा आणि गुळाचा वास, भिंतीला टेकून उतरंडी. मी बळदाच्या भिंतीवरून हात फिरवला. पहिल्या दिवशी झाडून काढलं, दुसऱ्या दिवशी तळ सारवला. बळदाच्या बुडाशी माती भुसभुशीत लागली, ती ओल्या शेणानं लिंपून टाकली. आपण काम किती चोख करतो ते अक्कांना दिसावं, एवढंच डोक्यात.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोनाड्यात प्रभेचं तोंड आलं. "काकू, मला आत घ्या ना."

"तुझी आई रागावेल."

"आई निजलीय. काकू, एकदाच!"

मी दार उघडलं. नुसती माया म्हणून नाही. या घरात मलाही कुणाला काही देता येतं, हे मला तिला दाखवायचं होतं. मग ते रोजचंच झालं. अक्का निजल्या की प्रभा आत यायची, बळदाला पाठ टेकून पोत्यावर बसायची, पाय खाली सोडायची आणि कुरडयांचा चुरा खात बडबडायची. जाताना मी तिच्या ओच्यातला चुरा झटकून द्यायची, म्हणजे चोरी पकडली जायला नको.

अक्का त्या दिवसांत कोठीच्या दारापर्यंतही आल्या नाहीत. कोनाड्याच्या बाहेर आता त्या असत आणि मी आत. मला त्याची गंमत वाटायची.

बाराव्या दिवशी सकाळी शेजारच्या निंगव्वाचा आवाज अख्ख्या बोळात घुमला. भाकऱ्या करून विकणारी बाई, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. दोन्ही हात वर करून ती ओरडत होती, "आमच्यात उंदीर पडलाय! दोन पडल्यात, चुलीम्होरंच. उठा की बायांनो, काय बगताय? घरं सोडा लौकर!"

उंदीर पडला म्हणजे प्लेग. हे तेव्हा सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरात मेलेला उंदीर दिसला की वर्दी द्यायची, घर सोडायचं आणि गावाबाहेर झोपडीत जाऊन राहायचं, ती दोन-तीन महिने. निंगव्वानं हातची गिऱ्हाइकं सोडली, पण बोळाला सांगितल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. तासाभरात गाठोडी बांधून निम्मा बोळ रिकामा झाला.

प्रभा अजून उठली नव्हती. मी तिला हलवायला गेले तर अंग चुलीसारखं तापलेलं. जांघेतल्या गाठीला हात लावला, तिनं किंकाळी फोडली. मी अक्कांना हाक मारली.

अक्का आल्या. मुलीच्या कपाळाला हात लावला नाही, काय होतंय म्हणून विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही कोठीत आली होती?"

मी म्हटलं, "हो. रोज."

"मी तुला सांगितलं होतं," म्हणाल्या. "मी तुला सांगितलं होतं ना."

तेव्हा मला कळलं. परसातून रिकामं आणलेलं सूप, राखेनं घासलेले हात, दुसरी अंघोळ. बारा दिवसांपूर्वी आमच्या कोठीत उंदीर पडला होता. वर्दी दिली असती तर पालिकेची माणसं येऊन सगळं उकरणार, फिनेल ओतणार, लग्नाचं सामान मातीत, घर बंद, आणि प्लेगातल्या मुलीला बघायला नातेपुत्याहून कोण येणार होतं? वैशाख गेला असता. म्हणून अक्कांनी उंदीर पुरला. पण कोठीत रोज कुणीतरी जायला तर हवंच होतं. स्वतःला काही झालं तर मुलीचं लग्न कोण लावणार? मुलीला तर आत पाठवायचंच नव्हतं. मग घरात उरलं कोण?

मी उरले.

चौथ्या दिवशी, गावाबाहेरच्या झोपडीत, प्रभेनं प्राण सोडला. शेवटी तिला वात झाला होता, काही ओळखत नव्हती. नातेपुत्याला पत्र भावोजींनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. शाळेतल्या माणसाचं अक्षर दुःखानंही बिघडत नाही.

पालिकेच्या माणसांनी बळदाचा तळ उकरला तेव्हा सात उंदीर निघाले, वाळून खडंग झालेले. लग्नाचे डबे त्यांनी परसात नेऊन रॉकेल ओतून पेटवले. भावोजी दोघींना विचारत राहिले, "तुम्हाला वास कसा आला नाही? दोघी घरात असून कळलं कसं नाही?" अक्का गप्प. मीही गप्प. मी तोंड उघडलं असतं तर अक्कांचं पाप बाहेर आलं असतं, पण मग त्या म्हणाल्या असत्या, दार मालतीनं उघडलं. आणि ते खरं होतं. मला लवकर मरणही आलं नाही. ज्या खोलीत मी रोज तासन्‌तास बसले त्या खोलीनं मला साधा ताप दिला नाही.

पुढची वर्षं भराभर सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखं कमीच आहे. कोठीचं दार आणि कोनाडा भावोजींनी विटांनी चिणून घेतलं. त्यांनी मला शिकवलं, परीक्षा द्यायला लावल्या, आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. एकोणतीस साली भावोजी गेले. घर विकून आम्ही दोघी एका खोलीत राहायला आलो. तिथं कोपऱ्यात चूल आणि भिंतीला एक फळी, एवढंच. अक्कांनी दुसरी फळी ठोकू दिली नाही. रोज सकाळी दुकानात जाऊन त्या दिवसापुरतं आणायच्या. मूठभर डाळ, दोन भाकऱ्यांचं पीठ, पुडीत मीठ. दुकानदार वैतागायचा. पाहुणा आला की माझी तारांबळ व्हायची. निंगव्वा अजूनही यायची, म्हणायची, "मास्तरीणबाईच्या घरात चिमणीला बी दाणा गावायचा न्हाय!" सगळे हसायचे. अक्काही हसायच्या.

एकाच खोलीत दोन बायका, आणि प्रभेचं नाव नाही. मी कितीदा ठरवायची की आज विचारीन. शाळेतून येतायेता वाक्य जुळवायची. आणि दारात पाऊल टाकलं की अक्का हातपाय धुवायला पाणी द्यायच्या, माझं वाक्य राहून जायचं. राग होता, नव्हता कसा? भाकरी वाढतानासुद्धा कधीकधी तो उफाळून यायचा. पण मला जेवू घालणारं जगात दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांनाही.

चौतीस साली एक दिवस शिवप्पा गवंडी आला. म्हातारा झाला होता, सोबत गुळाची ढेप. "बाई, तुमचा नकाशा मी धा घरांत घातला की," म्हणाला. "नव्या पेठेत ज्याला त्याला तश्शीच कोठी पायजे. उत्तरंला जाळी, मदी कोनाडा. रुक्मिणीबाईची कोठी म्हणत्यात."

मला वाटलं अक्का आता कोसळतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "तळाला दगड घालतोस ना?"

"घालतो की."

"आणि कुलूप लावू देऊ नकोस कुणाला. आत काय पडलंय ते घरातल्या सगळ्यांना दिसलं पाहिजे."

शिवप्पाला काय कळणार? मान डोलावून गेला. ढेप अक्कांनी शेजारी वाटून टाकली.

गेल्या श्रावणात त्या आजारी पडल्या. पोटात काही ठरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. मी रजा काढली. एक दुपार होती, मी भाताची पेज भरवत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलेलं वाक्य नव्हतंच ते.

"अक्का, किल्ली मला का दिलीत?"

त्यांनी तोंडातला घोट गिळला.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुझं काही झालं तर मला सोसवेल."

मी वाटी खाली ठेवली. सोळा वर्षं मला हे माहीत होतं. त्यांनी क्षमा मागितली नाही. मागितली असती तर मी दिली नसती. मी उठून दारात जाऊन उभी राहिले. बोळातून गिरणीच्या पाळीची माणसं चालली होती. मग परत आले, कारण पेज निवत होती.

दोन घास गेल्यावर अक्का म्हणाल्या, "ती आत बसून काय करायची?"

मला आधी कळेचना. मग कळलं. या बाईनं आपल्या मुलीच्या शेवटच्या आठ-नऊ दुपारी पाहिल्याच नव्हत्या. त्या सगळ्या माझ्याजवळ होत्या, आणि मी त्या तिला कधी दिल्या नव्हत्या. इतकी वर्षं मी त्यांना अहोजाहो करत आले, आज लिहिताना हात आपोआप 'तिला' लिहून गेला.

मी सांगायला लागले. पोत्यावर बसायची, पाय हलवत. कुरडयांचा चुरा खायची, कच्चा. म्हणायची, नातेपुत्याला मी अशीच कोठी करून घेणार, आणि आई आली की तिला आत बसवून मी बाहेरून हात पुढं करणार, 'आई, आज काय देतेस?'

अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. "मग?" म्हणाल्या.

मी आठवून आठवून सांगितलं. केसांत पीठ भरलं होतं ते, उतरंडीवरचं झाकण पडलं तेव्हा दोघी कशा दडी मारून बसलो ते. रोज दुपारी त्या विचारायच्या आणि रोज मी सांगायची. चार-पाच दिवसांत माझ्याकडचं सगळं संपलं. आठ-नऊ दुपारी त्या, किती पुरणार? मग मी रचून सांगायला लागले. प्रभा असं म्हणाली, प्रभा तसं हसली. मी खोटं सांगते आहे हे अक्कांना कळत होतं. माझ्या डोळ्यांकडे पाहून कळत होतं.

तरी त्या "मग?" म्हणत राहिल्या, आणि त्या गेल्या त्या दुपारपर्यंत मी सांगत राहिले.